अध्यक्षबाईंचा स्वेटर
डांबरगोळ्यांचा वास आला की मला ऊर्जानगरचा तो हॉल आठवतो. मी सातवीत होते. एका क्लबतर्फे गरजू मुलांना स्वेटर वाटायचे होते आणि आमच्या शाळेकडून स्वागताचं इंग्रजी भाषण मी करणार होते. बाबा ते ऐकायला सुट्टी टाकून आले होते. दारातच बिनबाह्यांचा ब्लाउज घातलेल्या क्लबच्या अध्यक्षबाईंनी माझं आडनाव विचारलं, आणि मी सांगताच म्हणाल्या, "अगं, मग इथी काऊन उभी राह्यली? घेणाऱ्यांची लाइन तिकडं आहे." माझ्या अंगात शाळेचा ब्लेझर होता, तरी मी त्या लाइनमध्ये जाऊन उभी राहिले. माझं भाषण त्यांच्या मुलीनं कागदावरून वाचलं. मागच्या रांगेत बाबा उठून उभे राहिले होते. माझी पाळी आली. फोटो निघेपर्यंत देणारीनं आणि घेणारीनं स्वेटर दोन्हीकडून धरून ठेवायचा, अशी तिथली रीत. त्याला डांबरगोळ्यांचा उग्र वास येत होता. "स्माइल कर ना बेटा," बाई पुटपुटल्या. मी स्वेटर त्यांच्या हातातून सोडवला, त्यांच्याच खांद्यांवर घातला आणि समोरच्या माइकवर म्हटलं, "मला आहे बाई. तुमचेच खांदे उघडे आहेत." फ्लॅश उडाला. आधी लाइनमधली पोरं हसली, मग सगळा हॉल. घरी जाताना गाडीवर बाबा एवढंच म्हणाले, "भाषणाहून हेच बरं बोलली तू." त्या बाई अजूनही बाजारात दिसतात. एरवी मी कुणाशी आपणहून बोलत नाही, पण त्यांच्यासमोर मुद्दाम जाऊन उभी राहते आणि त्यांची मान खाली जाईपर्यंत हलत नाही.