शैलजाताई आणि पुसली गेलेली हळद

शैलजाताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लिहायला मी दोनदा नकार दिला. त्यांच्याविषयी लिहायचं तर स्वतःविषयी खरं लिहावं लागणार होतं.

त्यांची पहिली भेट लंडनजवळच्या वॉटफर्डच्या गणेशोत्सवात झाली. मी नागपूरहून पुरातत्त्व शिकायला आलो होतो, मास्टर्स संपत आलं होतं आणि नोकरी नव्हती. हॉलच्या किचनमध्ये पातेली घासणाऱ्या बाईंनी माझी सगळी हकिकत काढून घेतली. त्या लंडनमधल्या एका म्युझियमच्या ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ आहेत हे मला नंतर कळलं. महिन्याभरात मी त्यांच्या लॅबमध्ये रुजू झालो. पहिल्या हिवाळ्यात माझ्या खोलीतला बॉयलर बंद पडला, तेव्हा "स्लाइड्स लावायला माणूस हवाय" असं सांगून त्यांनी मला तीन आठवडे त्यांच्या पिनर भागातल्या घरी ठेवून घेतलं.

म्युझियमच्या स्टोअरमध्ये एक सागवानी फळी होती. तिच्यावर घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य. लेबलवर फक्त 'कोरीव फळी, मध्य भारत'. ताईंना तिचं खालचं टोक करवतीने कापलेलं दिसलं. मेळघाटातले कोरकू आदिवासी मृतांच्या नावाने अशा फळ्या झाडाखाली रोवतात. ही उपटलेली नव्हे, कापून आणलेली होती. म्हणजे उरलेला तुकडा जमिनीत असणार. ताई मेळघाटात गेल्या, गावोगाव फोटो दाखवत हिंडल्या. एका गावाने फळी ओळखली. गावकऱ्यांची परवानगी घेऊन त्यांनी त्या झाडाखाली खणलं. खुंट सापडला. लाकडाची वर्तुळं जुळली. फळी कुणाची, हे मातीनेच सांगितलं.

त्या तिकडे असताना मी इकडे एक काम केलं. स्वाराच्या छातीवर पिवळट थर होता. जुनं व्हार्निश असेल असं धरून, त्यांना न विचारता, मी तो कापसाच्या बोळ्यांनी पुसून काढला. परत आल्यावर ताईंनी फळी पाहिली आणि बोळे कुठे आहेत, एवढंच विचारलं. मी टाकून दिले होते. त्यांनी भिंग घेऊन स्वाराची छाती तपासली. मग म्हणाल्या, "ती हळद होती रे. फळीला शेवटचा हात घरच्यांचा लागला होता."

फळी परत मागायला त्या गावाहून फुलाबाई आल्या. ज्यांच्या नावाची फळी, त्यांच्या या पणती. मीटिंगमध्ये दुभाषी मी होतो. त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हळद कुठं गेली?"

मी खाली पाहत राहिलो. वर्षभरात माझा व्हिसा संपणार होता. नोकरी गेली तर तो वाढणार नव्हता; डोक्यात तेवढंच होतं. ताई म्हणाल्या, "माझ्या टेबलावर पुसली गेली. चूक माझी आहे."

ते वाक्य म्युझियमच्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत मीच सांगितलं. एक शब्दही चुकला नाही.

ताईंना त्या कामातून दूर केलं गेलं. म्युझियमने फळी परत द्यायचं ठरवलं आणि ती घेऊन मेळघाटात मी गेलो. गावाने मला पाहुणा म्हणून जेवू घातलं, फोटोत मला मध्ये उभं केलं. परतल्यावर पिनरला गेलो, तर ताईंनी फक्त खुंटावर फळी नीट बसली का, ते विचारलं. माफी मागायला लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "माझी कसली मागतोस? हळद माझी नव्हती."

तरीही मला पाच वर्षं लागली. या लेखाच्या निमित्ताने मी फुलाबाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हळद आम्ही नवी लावली, भाऊ. पण त्या बाईला मी मनात फार बोलले. इतकी वर्षं. ते आता कसं पुसायचं?"

म्युझियमलाही मी लेखी कळवलं आहे. हळद पुसल्याच्या नोंदीतलं ताईंचं नाव काढून माझं घालावं अशी विनंती केली आहे.

शैलजाताईंकडून आम्ही उत्खनन शिकलो, वस्तू तिच्या माणसांना विचारून हाताळायला शिकलो. त्यांच्याइतका खरेपणा मला जमला नाही. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. फुलाबाईंनी त्यांना गावी बोलावलं आहे. तो प्रवास झेपेल इतकं बळ त्यांच्या गुडघ्यांत राहो, आणि ताईंनी परवानगी दिली तर सामान उचलायला मला सोबत जाता येवो.