धनगरवाडीचा हैजा

आता तुम्हाला हसू नका म्हणून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा आधी कप खाली ठेवा, उगाच चहा अंगावर सांडेल. निजामाच्या राज्यात माझं काम काय होतं, ठाऊक आहे? माणूस मेला का, आणि मेला तर कशानं, एवढंच बघायचं. जिवंत आणि मेलेला यातला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. सरकार मला त्याचा पगार द्यायचं, आणि नेमकी तिथंच मी माती खाल्ली.

मी औरंगाबादेत आरोग्य खात्यात नवा नवा अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकूनच, पण फारसीतून म्हटलं की जरा उंच वाटतं. आमचे मोहतमीम साहेब, म्हणजे खात्याचे वरिष्ठ, हैदराबादेहून आलेले डॉक्टर. शांत माणूस, तोंडात कायम पान. त्यांना एकच प्रश्न पडलेला : तीच साथ, तोच ताप, मग शहरातला माणूस उठून बसतो आणि वाडीतला आडवा होतो, हे का? त्यासाठी त्यांनी मला सायकल दिली आणि सांगितलं, "मुन्शीजी, गाँव जाव, देखो, पूछो. राय बाद में बनाव."

माझं जरा उलटं होतं. माझं मत आधीच तयार होतं, गावं फक्त बघायची राहिली होती. शहरातले लोक नहरीचं, म्हणजे बंद कालव्यातून आलेलं पाणी पितात म्हणून जगतात, वाड्यावस्त्यांवरचे नाल्याकाठच्या आडाचं पितात म्हणून मरतात. मत चुकीचं नव्हतं हो. पण एकदा डोक्यात मत शिरलं की अक्कल बाहेर ओट्यावर बसते, तसं माझं झालं.

एके दिवशी मी करमाडहून सायकलवर परत येत होतो. करमाडातच एका घरातून रडारड ऐकू आली. मी उतरलो. आमच्या धंद्यात रडणं ऐकलं की उतरायचं असतं. दारातल्या माणसानं सांगितलं, "दाजी गेले. धनगरवाडीचे."

आजारी होते का, विचारलं. "नाय वो. परवा मेंढरं राखत व्हते. चांगले धडधाकट."

मी मनात नोंद केली आणि निघालो. शेंद्र्याला आलो तर तिथंही एका घरात आकांत. एक जण डोकं धरून बसलेला. त्याचा मामा गेला होता. कुठला मामा? धनगरवाडीचा. तब्येत? धडधाकट. पुढं चिकलठाण्यात एक बाई ऊर बडवत होती, तिचा चुलता गेला म्हणून. तो कुठला, हे मी विचारलंसुद्धा नाही. तीच म्हणाली, धनगरवाडीचा.

आता मला सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता? एका वाडीतले तीन धडधाकट पुरुष एका दिवसात गेले. हैजा! म्हणजे पटकी. आणि ती वाडी कुठं, तर नाल्याकाठी. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. माझं मत खरं ठरलं होतं.

तुम्ही म्हणाल, मेलेल्यांची नावं विचारली का? नाही विचारली. रडणाऱ्या माणसाला नाव विचारणं बरं दिसत नाही. आणि रडणं थांबेपर्यंत उभं राहायला मला वेळ कुठं होता?

संध्याकाळी साहेबांपुढं सगळं ठेवलं. एरवी सरकारी काम बैलगाडीनं जातं, त्या दिवशी मोटारीनं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच धनगरवाडीच्या वाटेवर पोलिसाचा नाका बसला. आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही, आडाचं पाणी प्यायचं नाही. मागून साहेब आणि मी मोटारीतून निघालो. आडात टाकायच्या लाल औषधाचा डबा माझ्या मांडीवर होता. मीही जरा ताठ बसलो होतो.

नाक्यावर बघतो तर गर्दी. वाजंत्री गप्प, बैलगाड्या सुटलेल्या, आणि एका झाडाखाली बाशिंग बांधलेला नवरदेव घाम पुसत बसलेला. त्या दिवशी धनगरवाडीत लग्न होतं. वाडीतल्या गेनूबाच्या नातीचं. नवऱ्याचा बाप पोलिसाला सांगत होता, "ज्या गावात तीन मढी, तिथं अक्षता कशा टाकायच्या? आम्ही माघारी जातो." वेशीवरून वऱ्हाड माघारी गेलं, तर त्या मुलीला पुन्हा कोण पत्करणार होतं? माझ्या मांडीवरचा डबा एकदम जड झाला.

साहेब म्हणाले, आधी मयती बघू. आम्ही आत गेलो. मांडव घातलेला, चूल विझलेली, आणि मांडवाच्या मेढीला टेकून म्हातारा गेनूबा बसलेला. टक्कल, टकलावर हळदीचा लेप. त्याच्या शेजारी त्याची बायको, आणि आतल्या बाजूला पिवळ्या लुगड्यातली नात, तोंड गुडघ्यात घालून.

मी विचारलं, "गेनूबा, वाडीतले कोण कोण गेले?"

"म्याच गेलतो," तो म्हणाला. "काल."

साहेबांनी पान चघळायचं थांबवलं.

मग सगळा उलगडा झाला. आदल्या दिवशी मांडव घालताना कावळ्यानं गेनूबाच्या टकलावर चोच मारली. कावळ्यानं टोचलं म्हणजे मरणाचं बोलावणं, आणि नातीचं लग्न तर दुसऱ्या दिवसावर. मग करायचं काय? जे सगळे करतात तेच. नात्यागोत्यात सांगावा धाडायचा की माणूस गेला. सोयरे रडले की मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते परस्पर निघून जातं. मग सांगावा आणणारा म्हणतो, रडू नका, खोटं होतं, आता पाणी द्या. लोक डोळे पुसून हसतात. मी तिन्ही घरांतून रडण्याच्या वेळी निघालो होतो, हसण्याच्या वेळी सायकलवर होतो.

आणि हे मला ठाऊक नव्हतं, असंही नाही! मी लहान असताना माझ्याही डोक्यावर कावळा बसला होता. माझा मामा पैठणहून रडत, अनवाणी आला होता आणि मला जिवंत बघून त्यानं आधी मिठी मारली, मग एक थोबाडीत दिली.

"आणि बाकीचे दोघे?" मी हळूच विचारलं.

"कोन दोघं? करमाडात माझा साळा ऱ्हातो, त्याचा दाजी मीच. शेंद्र्यात भाचा हाय, त्याचा मामा मीच. चिकलठाण्याला पुतनी दिलीय."

साहेब माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "मुन्शीजी, तुमारे तीन मुर्दों में का एक तो बात कर रा है. बाकी दो को बी बुला लेव, सलाम कर लेतूं."

तेवढ्यात गेनूबाची बायको बोलली. ती काही रागानं बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. "माझी दोन लेकरं ह्याच आडाच्या पान्यानं गेली, तवा कोन आलं नाय. म्हातारा खोटा मेला, तर मोटार आली."

साहेबांनी माझ्या हातून डबा घेतला आणि स्वतः आडाकडं गेले. मला खरंच शरम वाटली, पण शरमेला वेळ नव्हता. वऱ्हाड निघायच्या बेतात होतं.

मी गेनूबाला हाताला धरून नाक्यावर नेलं. नवऱ्याच्या बापानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "हे एक झालं. दुसरी दोन मढी कुठं हायत?"

सांगा, जी माणसं नव्हतीच ती जिवंत कुठून दाखवायची? मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं की माझीच चूक झाली. तो म्हणाला, चूक असती तर सरकारनं नाका कशाला बसवला असता? सरकारवर एवढा विश्वास ठेवणारा माणूस मला त्यानंतर भेटला नाही.

पण वऱ्हाडाबरोबर लग्नाला आलेले गेनूबाचे सोयरेही तिथंच अडकले होते. त्यांनी पोलिसाला सांगितलं होतं की गेनूबाची खबर खोटी, पण पोलीस म्हणाला मेले तीन आहेत, तेव्हा बाकीचे दोन कोण या काळजीत तेही बसलेले. मी त्या साळ्याला, भाच्याला आणि पुतणीला पुढं ओढलं. म्हटलं, काल तुम्ही कुणासाठी रडलात, त्याच्याकडं बोट दाखवा. तिघांची तीन बोटं एकाच टकलाकडं गेली.

नवऱ्याच्या बापाला असं हसू फुटलं की पागोटं सुटलं. वाजंत्री वाजली, नाका उठला, आणि गेनूबाच्या नातीचं लग्न तासाभराच्या उशिरानं का होईना, लागलं. शहरातून पखालीनं आणवलेलं पाणी पिऊन लोक जेवले.

साहेब परत गेले, मला मात्र गेनूबानं जेवायला आणि मुक्कामाला ठेवून घेतलं. माझी नोकरी अजून कच्ची होती, ती जाणार हे त्याला कळत होतं. त्याला माझी कीव आली. म्हणाला, तुमच्यावर बी कायतरी संकट हाय, कावळा नसंल टोचला, पन वखत वाईट हाय. मला वाटलं, म्हातारा बोलतोय नुसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत पाऊल टाकलं, तर चपराशी रहीमभाई माझ्याकडं बघून दोन पावलं मागं सरला. "अरे, तुम तो गुजर गए ना? सुबह धनगर आके बोला, बहुत देर राह देखा, फिर चले गया."

गेनूबानं भाच्याच्या हाती माझ्या मरणाचा सांगावा धाडला होता. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केलं होतं सगळं.

मी घाईघाईनं विचारलं, "मग साहेब काय म्हणाले?"

"साहब बोले, मय्यत किसीने आँख से देखी क्या? नहीं देखी तो लिखो मत. अब से यहीच कायदा."

त्या कायद्यामुळं मी सरकारदप्तरी जिवंत राहिलो आणि नोकरीही राहिली. पण उपाय लागू पडायचा तर आधी कुणीतरी रडायला हवं. म्हणून मी जरा आशेनं विचारलं, "रहीमभाई, रडलं कोण?"

त्यानं बराच विचार केला. "रोया तो कोई नहीं. बड़े बाबू तुम्हारी कुर्सी उठा के ले गए. उनकी का पाया टूटेला था ना."

तर असं आहे. गेनूबा तीन घरी मेला आणि तिन्ही घरं रडली. मी एकाच ठिकाणी मेलो, तिथं माझी खुर्ची तेवढी हलली.