‘पयस्विनी’च्या यादीतून गाळलेलं नाव

वाल अर्धेच सोलून झाले होते. परातीत एका अंगाला सोललेले आणि दुसऱ्या अंगाला सालीतले ठेवून मी बसले होते, तेवढ्यात फर्डिनंडने ओटीवरून हाक मारली. “वहिनी, वही आण. आज नव्याण्णव साल उरकून टाकू.”

मी हात पुसले आणि वही घेऊन बाहेर गेले. पण ते साल मला नको होतं.

फर्डिनंड माझा धाकटा दीर. आगाशीच्या पुढच्या आमच्या वाडीत मी लग्न होऊन आले तेव्हा तो नौदलात नुकताच लागला होता. त्यानंतरची बहुतेक नोकरी त्याने एकाच जहाजावर केली. मधे दोनतीनदा बदली झाली, पण फिरून तो तिथेच गेला. त्या जहाजाचं नाव ‘पयस्विनी’. ते लढाऊ जहाज नव्हे, तेल पुरवणारं. लढाऊ जहाजं दूर समुद्रात असली की तेल संपलं म्हणून त्यांना बंदरात परतावं लागू नये, यासाठी ही त्यांच्यामागून जायची आणि चालता चालताच त्यांना तेल, पाणी, पीठ, कांदेबटाटे द्यायची.

हे चालता चालता म्हणजे काय, ते त्याने मला कितीदा सांगितलंय. दोन जहाजं शेजारी शेजारी, मधे शंभरेक हात पाणी, आणि तास दोन तास दोघांनी एकाच चालीने जायचं. आधी बारीक दोरी फेकायची, तिच्या टोकाला जाड दोर, दोरामागून तार, आणि तारेवरून ती काळी जाड नळी पलीकडे जायची. दोर ओढायला मग आचारी काय नि कारकून काय, सगळेच. फर्डिनंड कठड्याशी झेंडे घेऊन उभा. त्याने लाल झेंडा वर केला की सगळं थांबलं पाहिजे. “आम्ही जन्मात एक गोळी झाडली नाही,” तो म्हणायचा, “पण आम्ही नसतो तर त्यांच्या तोफा बंदरात गंजल्या असत्या.”

रजेवर यायचा तेव्हा त्याचे कपडे मी वेगळे धुवायची. दोनदा धुतले तरी तेलाचा वास जायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, या रॉकेलच्या डब्याला मुलगी कोण देणार. गमतीने म्हणायच्या, पण झालं तसंच. तो बिनलग्नाचा राहिला. आमच्याच घरात राहिला, आमच्या लेकीला, जीनाला, खांद्यावर घेऊन फिरला. दोन हजार तीनपासून निवृत्त होऊन घरीच आहे.

आता ‘पयस्विनी’ही निवृत्त होतेय. येत्या महिन्यात तिच्यावरचा झेंडा उतरवणार आणि पुढे ती भंगारात जाणार. जुन्या खलाशांचं एक मंडळ आहे, ते त्या दिवशी छोटीशी पुस्तिका काढणार आहे. त्यात जहाजाची हकिगत आणि चढलेल्या सगळ्यांची यादी, नाव, काम आणि साल. हकिगत आणि आमच्या भागातल्यांची यादी लिहायचं काम फर्डिनंडकडे आलं. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, लिहिता येत नाही. माझं अक्षर बरं आणि रोजची वही लिहायची सवय, म्हणून तो सांगतो नि मी लिहिते. गेले दहाबारा दिवस दुपारी हेच चाललंय.

अठ्ठ्याहत्तरला जहाज सेवेत आलं ते लिहिलं. चौऱ्याण्णवला आपलं सैन्य सोमालियातून परत आणताना ‘पयस्विनी’ सोबत होती ते लिहिलं. त्याआधी ब्याऐंशीचं वादळ. लक्षद्वीपच्या पलीकडे तेल देताना दोन जहाजं एकमेकांपासून फाकली, दोर ताणून तुटला आणि चाबकासारखा मागे आला. फर्डिनंड बरोबर त्याच्या वाटेत उभा होता. मागून कोणीतरी त्याची कॉलर धरून त्याला खाली पाडलं म्हणून वाचला. तो मला म्हणाला, “लिही, एका सहकाऱ्याच्या प्रसंगावधानाने.”

मी लिहिलं. तो सहकारी कोण ते मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. आमच्या वाडीपासून दोन गल्ल्या सोडून राहणारा आलोशियस. जहाजावर तो आचारी होता. दोघं एका शाळेतले, एका वर्षी देवळात दृढीकरणाचा संस्कार झालेले, रजेवर एका बसने येणारे. आणि गेली आठ वर्षं एकमेकांशी न बोलणारे.

ते माझ्यामुळे. आजवर माझ्या रोजच्या वहीत एवढं मी कधी लिहिलं नव्हतं. वहीतही मी देवाला तेवढंच सांगत आले, जेवढं सांगायला सोपं.

नव्याण्णवच्या मे महिन्यात कारगिलचं युद्ध सुरू झालं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. फर्डिनंड अर्ध्या दिवसासाठी घरी आला, आईच्या उशाशी बसला, आणि निघताना मला विहिरीपाशी गाठून म्हणाला, पुढच्या शुक्रवारी पहाटे आम्ही निघतोय, उत्तरेला, परत कधी येणार माहीत नाही. आईचं काही झालं तर माझ्यासाठी थांबू नका. हे कोणाला बोलू नकोस, दादालासुद्धा नको. दादा म्हणजे आमचे हे, आग्नेल.

मी ह्यांनाही बोलले नाही. पण मन थाऱ्यावर नव्हतं. सासूबाई अशा, दीर असा. दुसऱ्या दिवशी देवळात गेले आणि मिस्साहेतूच्या पेटीत चिठ्ठी टाकली. आमच्यात कोणासाठी मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, हवी असली की चिठ्ठीवर हेतू लिहून पेटीत टाकतात. फादर तो वेदीवरून वाचतात आणि आठवड्याच्या पत्रकातही छापतात. मी लिहिलं, “येत्या शुक्रवारी पहाटे उत्तरेकडे निघणाऱ्या ‘पयस्विनी’ जहाजावरील सर्वांच्या सुखरूपतेसाठी.” खाली नाव घातलं नाही. एक भगिनी, एवढंच. तारीख कशाला घातली? मला वाटलं, देवाला नेमकं सांगितलेलं बरं.

रविवारी फादरांनी ते वाचलं. भरलं देऊळ होतं. मी मान खाली घालून आमेन म्हटलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सोमवारी आलोशियसच्या बायकोने गोदीत जाणाऱ्या कोणाकडे तरी नवऱ्यासाठी नारळाच्या वड्यांचा डबा दिला आणि डब्यावर ते पत्रक ठेवलं, गाव तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हे कळावं म्हणून. आलोशियसला एवढा आनंद झाला की त्याने ते जहाजाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर लावलं. तिथे ते एका मराठी अधिकाऱ्याने वाचलं.

जहाज शुक्रवारऐवजी बुधवारी रात्रीच निघालं. आलोशियसला त्याआधी खाली उतरवलं होतं. चौकशी झाली. तो शपथेवर सांगत राहिला की मी घरी तारीख बोललो नाही. कोणी मानलं नाही. पुन्हा त्याला जहाज मिळालं नाही, बढती राहिली, आणि पुढच्याच वर्षी तो नोकरी सोडून घरी आला. आता लग्नाकार्यात स्वयंपाक करतो.

सासूबाई जुलैत गेल्या. फर्डिनंड समुद्रात होता. शवपेटीला खांदा द्यायला चौथा माणूस कमी पडला, तेव्हा आलोशियस न बोलावता पुढे आला आणि दिराच्या जागी उभा राहिला. पुढे फर्डिनंडला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, लाज वाटली असेल म्हणून आला.

त्या वेळी त्याने मला एकदाच विचारलं होतं. वहिनी, तू कोणाला बोलली नाहीस ना? मी म्हटलं, मी कोणाला बोलले नाही. त्याने लगेच मान हलवली, जणू विचारल्याचीच त्याला शरम वाटली.

पापनिवेदनात मी हे सांगितलं. फादर म्हणाले, देवाने क्षमा केलीच आहे, आता त्या माणसांकडे जा. मी जपाच्या तीन माळा जास्त म्हटल्या आणि माणसांकडे गेले नाही. पुढच्या वेळी पापनिवेदनाला दुसऱ्या गावच्या देवळात गेले. जीनाच्या लग्नात स्वयंपाकाला कोण, असा विषय निघाला तेव्हा ह्यांनी आलोशियसचं नाव काढलं. फर्डिनंड म्हणाला, तो आला तर मी मांडवात बसणार नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, मुलीची आई म्हणून. मी म्हटलं, बघू दुसरा कोणी. आलोशियस नवरीमुलीला आशीर्वाद द्यायला कुंपणापर्यंत येऊन गेला म्हणे.

त्याला कळलं नसेल, असं मी कशी म्हणू? आमच्या गावची दोनच घरं त्या जहाजावर होती. एक त्याचं, एक आमचं. आपल्या घरातून बातमी गेली नाही हे त्याला पक्कं ठाऊक. रस्त्यात भेटला की अजून तो विचारतो, “वहिनी, बरं आहे ना?” आणि मी पदर सावरत पुढे जाते.

तर आज दुपारी फर्डिनंड आरामखुर्चीत मागे टेकून सांगू लागला. “लिही. एक हजार नऊशे नव्याण्णव. जहाज युद्धकाळात उत्तर अरबी समुद्रात गेलं. निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या एका खलाशाच्या घरून तारीख फुटली, त्यामुळे निघण्याचा दिवस बदलावा लागला. आणि यादीत त्याचं नाव घालायचं नाही.”

मी ‘अरबी समुद्रात गेलं’ इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

“झालं?” त्याने विचारलं. काळा चष्मा लावलेला, त्याला माझं तोंड दिसत नव्हतं.

“नाही. पुढचं मी लिहिणार नाही.”

“का? कोणाला वाईट वाटेल म्हणून? खरं ते लिहायचं, वहिनी.”

“खरं नाही ते. ती चिठ्ठी माझी होती, फर्डी.”

तो खुर्चीत पुढे सरकला. मग अगदी हळू म्हणाला, “मी तुला विचारलं होतं.”

“विचारलं होतंस. मी म्हटलं, कोणाला बोलले नाही. बोलले नव्हतेच. लिहून पेटीत टाकली. मला वाटलं, देवाला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे.”

“देवाला चिठ्ठी लागते?” तो म्हणाला. “तीसुद्धा तारीखवार?”

मला वाटलं, आता हा उठून जाईल, मोठ्याने बोलेल, ह्यांना हाक मारेल. मी तयार होते. आठ वर्षं तयार होते म्हणा. पण तो तसाच बसून राहिला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घासत राहिला.

“चौकशीत साहेबांनी मलाही विचारलं होतं,” तो म्हणाला. “घरी कोणाला तारीख सांगितलीस? मी म्हटलं, नाही साहेब. आईचं नाव घेऊन म्हटलं. गावची माणसं दोन. मी नाही म्हटल्यावर उरला कोण?”

मी पेनाला टोपण लावलं.

“मला वाटायचं, तुझ्यावर माझा भरवसा आहे म्हणून तुझा संशय आला नाही. तसं नसणार, वहिनी. तुझ्याकडे बोट केलं असतं तर ते वळून माझ्याकडे आलं असतं. म्हणून मी तिकडे बघितलंच नाही.”

त्याने मला धीर दिला नाही आणि मीही त्याला दिला नाही. तसं काही देण्यासारखं आमच्याजवळ नव्हतं.

थोड्या वेळाने त्याचा आवाज कामाचा झाला, झेंडे हातात असताना व्हायचा असेल तसा. म्हणाला, “लिही. निघण्याची तारीख फर्डिनंडच्या घरून फुटली आणि शिक्षा दुसऱ्याने भोगली. ब्याऐंशीच्या पानावर ते ‘एका सहकाऱ्याच्या’ आहे ना, ते खोड. आलोशियस, आचारी, असं घाल. आणि यादीतही घाल.”

“मंडळवाले छापतील हे?”

“न छापू देत. आपण पाठवू.”

मी खोडलं, वर नाव लिहिलं. यादीच्या पानावर नाव लिहिलं, काम लिहिलं. सालाच्या रकान्यापाशी अडले. “कोणत्या साली चढला तो?”

फर्डिनंड आठवू लागला. एकोणऐंशी, नाही, ऐंशी. आपण चढलो त्याआधी की नंतर, हेही त्याला सांगता येईना. पूर्वी हेच तो झोपेतही सांगायचा. शेवटी म्हणाला, “त्यालाच विचारावं लागेल. माझा आज पाय उचलायचा नाही. तू जा, तुझं तू सांग. माझं सांगायला मी रविवारी मिस्सेनंतर जाईन, हा चष्मा निघाला नसला तरी. आणि वहिनी, बाहेर उभी राहून बोलू नकोस. आत जा.”

हे सगळं मी लगेच वहीत उतरवलंय, नाहीतर मी पुन्हा एखादी माळ म्हणत बसेन हे मला ठाऊक आहे. प्रभू, आज मी तुझ्याकडे काही मागत नाही. चार वाजलेत. आज कुठे लग्नाचा स्वयंपाक नाही, म्हणजे तो घरीच असेल.

आता आलोशियसच्या घरी जायचंय. चिठ्ठी माझी होती ते सांगायचंय आणि तो ‘पयस्विनी’वर कोणत्या साली चढला ते विचारून यायचंय.