‘धोका नाही’ असं सांगणारा कागद

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात सरासरी शिकवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मॅडम, अड्याळवरून फोन होता..." सकाळी दवाखान्यात जायला निघताना तिच्या छातीत कळ आली आणि दादांच्या हातातच ती गेली. त्याला आता महिना उलटला. भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या हातगुणाबद्दल बोलतो, तिनं पार पाडलेल्या अवघड बाळंतपणांबद्दल बोलतो. ती स्वतः मात्र एकाच बाळंतपणाबद्दल बोलायची, तेही फक्त माझ्याशी. कारण त्या गोष्टीत आम्ही दोघी होतो.

मालतीवहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली ती डॉक्टर होऊनच. तिच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि त्याच सुमारास पोरीला डॉक्टर करायचं मनात घेतलं. अड्याळच्या आसपासच्या खेड्यांतून बाळंतिणी बैलबंडीनं तिच्याकडे यायच्या, पण बहुधा उशिरा यायच्या. पावसाळ्यात भातशेतांच्या धुऱ्याबांध्यांतून बंडी काढणं म्हणजे अर्धा दिवस. कोणत्या बाईला त्रास होणार हे आधीच कळलं तर तिला चार दिवस आधी दवाखान्यात आणून ठेवता येईल, असं वहिनीच्या मनानं घेतलं. मी भंडाऱ्याला कॉलेजात गणित शिकून नुकतीच शाळेत लागले होते. तिनं दोनतीन वर्षांच्या बाळंतिणींची माहिती माझ्यापुढे ठेवली. उंची, अंगातलं रक्त, पायांवरची सूज, आधीची बाळंतपणं... प्रत्येक गोष्टीला किती गुण द्यायचे ते आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून ठरवलं. बेरीज एवढ्याच्या वर गेली तर दवाखाना, खाली राहिली तर धोका नाही. मग तो तक्ता आम्ही त्याच बायांना लावून पाहिला, आणि तो जवळजवळ सगळीकडे जुळला. आम्हाला किती आनंद झाला होता. ज्या पोरांना उत्तरं सांगून ठेवली त्यांचीच परीक्षा आपण घेतोय, हे मी गणिताची शिक्षिका असून माझ्या ध्यानात आलं नाही.

तक्ता डॉक्टरांच्या एका मासिकात छापून आला. वहिनीला सभांची बोलावणी येऊ लागली. चिखल्याच्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेनं तो मागून घेतला, तेव्हा वहिनीनं स्वतः जाऊन तिथल्या नर्सला तो समजावून दिला. तिथंच शेवंता होती. नवरा खाणीत, घरात सासू. तिची बेरीज खाली राहिली, म्हणून कागदावर ‘धोका नाही’ असा शेरा पडला आणि घरीच बाळंतपण करायचं ठरलं. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. ट्रक मिळेपर्यंत शेवंता गेली.

वहिनी तिकडे गेली तेव्हा मी सोबत होते. सासू दारातच बसून होती, नातीला मांडीवर घेऊन. ती ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "बाई, तुमचा कागद नसता तं आमी घाबरलो असतो. घाबरलो असतो तं तिले आधीच नेलं असतं. कागदानं आमाले बेफिकीर केलं."

मागच्या खेपेलाही असंच झालं होतं का, असं वहिनीनं हळूच विचारलं. म्हातारी म्हणाली, "तवा तं पोटातच गेलं लेकरू. तिचंही लय रक्त गेलं होतं." कागदावर यातलं काहीच नव्हतं. नर्सनं तक्त्यात छापलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला होता, ‘मुलं किती?’ शेवंतानं जिवंत असलेला एक मुलगा सांगितला. त्यात दोघींचंही काही चुकलं नव्हतं. अड्याळला वहिनी बाईशी बोलत बसायची, माहेरचं विचारायची, आणि बोलता बोलता गेलेल्या लेकरांचं निघायचंच. ते बोलणं आम्ही कागदावर कधी लिहिलंच नव्हतं.

परतीच्या एसटीत तिनं शेवंताचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "सुमन, जुळत होता तो तक्ता नव्हताच वो. ते मीच होती. अन् मी तं चिखल्याले नव्हती."

नागपूरला डॉक्टरांच्या सभेत तिचा सत्कार व्हायचा होता. तिथं उभी राहून तिनं सांगितलं, की हा तक्ता कुणी वापरू नका, यानं एक बाई मेली. एक वयस्क डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "एका केसनं काय होते मॅडम? नाव झालंय, कायले वाया घालवता?" ती त्यांना नमस्कार करून निघून आली. नंतर बोलावणी थांबली. घरातही, खोटं कशाला सांगू, आम्हाला वाटलं होतं की तिनं थोडं थांबायला हवं होतं...

तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. प्रश्न बदलले. एकाच बाईला दोन नर्सनी वेगवेगळं, एकमेकींना न सांगता विचारायचं. उत्तरं जुळली नाहीत तर खोट बाईत नाही, प्रश्नात, असं धरून तो प्रश्न पुन्हा लिहायचा. यात वर्षं गेली. मग वैनगंगेच्या काठची, गोसीखुर्दकडची गावं निवडली, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. धरणात गाव जाणार या काळजीत असलेल्या बाया आधी बोलायलाच तयार नसायच्या. अंदाज बाळंतपणाआधी लिहून, पाकीट बंद करून माझ्याकडे भंडाऱ्याला पाठवायचा, म्हणजे मागाहून कुणाला फिरवता येऊ नये. नवा तक्ता पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी जुळला. मी हिरमुसले. ती म्हणाली, "हा खरा आहे, म्हणून कमी आहे." त्यावर ‘धोका नाही’ हा रकानाच तिनं ठेवला नाही. आज तो काही आरोग्य केंद्रांत वापरतात. त्यावर तिचं नाव नाही. तिनंच घालू दिलं नाही.

आणि दर वर्षी ती चिखल्याला जायची, शेवंताच्या मुलीला पाहायला. म्हातारी तिला ‘बस’ म्हणत नसे. मुलीला तपासून, उभ्यानंच चार शब्द बोलून वहिनी परत यायची. "जाता कायले?" असं दादांनी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "त्या घरात मले कोणी चांगली म्हणत नाही. तिथं बरं वाटते."

वहिनीच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला म्हातारी आली, नातीचा हात धरून. पोर आता उंच झाली आहे, आईसारखी दिसते म्हणतात. सगळे गेल्यावर मी म्हातारीजवळ बसले. ती म्हणाली, "दरसाल आली का मले राग येये. पण एखाद्या साली आली नसती, तं मी तिले कधी माफ केलं नसतं." मग नातीला जवळ घेत म्हणाली, "केलं तं अजूनही नाई."

दोघींना एसटीत बसवून आल्यावर मी वहिनीच्या तपासणीच्या खोलीत गेले. टेबल, खुर्च्या, पडदा सगळं नवीन डॉक्टरांना द्यायला बाहेर काढून ठेवलं होतं. कोपऱ्यात एक बुटका लाकडी पिढा तेवढा राहिला होता. बाईला ती खुर्चीवर बसवायची आणि स्वतः त्या पिढ्यावर बसून विचारायची. मी त्यावर बसून पाहिलं. समोर रिकामी भिंत होती. तरी मान आपोआप वर झाली, जणू कुणी खुर्चीवर बसलं आहे आणि अजून काही सांगायचं राहिलं आहे.