अकमूरच्या कोटाच्या बाह्या

कुमुशाय एजेच्या खोलीला नऊ शर्टांचा पडदा आहे. शर्ट नऊ घरांतल्या पुरुषांचे, कॉलरी झिजलेले. तिनं खिसे काढले नाहीत. एका खिशात कंगवा असतो, एकात चमचे, एकात मुलीची पेन्सिल. खाली अंथरलेल्या गोधड्या कोणाकोणाच्या विजारींच्या आहेत. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीतल्या उशाही तिच्याच हातच्या, जुन्या गणवेशांच्या. मुख्याध्यापक उशीवर बसले की वरच्या वर्गातली पोरं कुजबुजतात, "सर माझ्यावर बसले."

आमच्या कोचकोर गावात तिला सगळे ओळखतात, पण या उशांमुळे नाही. "ती? चापान कापणारी?" असं म्हणतात आणि आवाज खाली आणतात, जणू तिनं माणूस कापला. बाजारात आता अशीही गोष्ट चालते की तिला वेड लागलं होतं आणि चौघींनी धरून ठेवावं लागलं. कोणी धरलं नाही. मी तिथं होते.

ती माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई. सतराव्या वर्षी राजधानीला, बिश्केकला गेली, एका तळघरात अकरा वर्षं कपडे शिवले, मग लग्न होऊन आमच्या शेजारच्या घरात आली. नवरा मॉस्कोत बांधकामावर. मुलगी अकमूर. घरात सासू, झुराकान अपा. मी विद्यापीठातून साहित्याची पदवी घेऊन परतले आणि शाळेत लागले, तेव्हा एजे माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "साहित्य शिकलीस ना? मग ये, आमच्या घरचं साहित्य वाच."

तिनं मला सासूच्या संदुकीपुढे बसवलं. अपांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. आत चापानं होती, मानाचे लांब अंगरखे, मखमली, सोनेरी शिंगांच्या नक्षीचे. शाली होत्या, शर्टपीस होते, कोणाच्याच मापाचे नसलेले सूट होते. सगळं सेलोफेनमध्ये आणि प्रत्येकावर चिठ्ठी. 'नारीनच्या मावशीकडून, साठीच्या मेजवानीत.' 'तोकमोकच्या व्याह्यांकडून.' हे सगळं कियित, म्हणजे व्याह्यांनी व्याह्यांना करायचा आहेर. तो कोणी अंगात घालत नाही. तो संदुकीत जातो आणि पुढच्या मेजवानीत दुसऱ्याच्या खांद्यावर चढतो, तिथून त्यांच्या संदुकीत. चिठ्ठी एवढ्याचसाठी की ज्यांनी दिला त्यांनाच परत जाऊ नये. तशी चूक झाली तर दोन घरं पाच वर्षं बोलत नाहीत.

मी एकतीस चापानं वाचली.

"एकतीस कोट," एजे म्हणाली, "आणि माझी पोर विंडचीटर घालून शाळेत जाते."

"त्याला हात लावायचा नाही हं," अपा म्हणाल्या. "तो आपला मान आहे."

"मानाला थंडी वाजत नाही, अपा. पोरीला वाजते."

"तुझी जीभ शिवून घे आधी. मशीन आहेच घरात."

त्या हिवाळ्यात अकमूर दहा वर्षांची होती. तीन आठवडे खोकत होती. माझ्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर. मी फळ्यावर कविता लिहायचे आणि मागून तो खोकला यायचा. उणे बावीस. एके दिवशी एजेनं संदुकीतलं हिरवं चापान काढलं आणि कापलं. विचारलं नाही कोणाला. अस्तराला नवऱ्याचा मागे राहिलेला चौकड्यांचा जाड शर्ट लावला. मध्ये मेंढीची लोकर पिंजून भरली आणि वरून बोटभर अंतरावर धावदोरा घातला. सोनेरी शिंगं पाठीवर घेतली. बाह्यांच्या टोकांना आत चार बोटं माया ठेवली, पोर वाढती आहे म्हणून. मी दोन संध्याकाळ कापड ताणून धरलं. इतका देखणा कोट आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता. अपांनी पाहिला, छातीवर हात मारून घेतला, संदुकीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. पण कोट उतरवायला लावला नाही. एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहिते.

अकमूरनं तो अकरा दिवस घातला. खोकला थांबला.

बाराव्या दिवशी एजेच्या धाकट्या दिराच्या सोयरिकीसाठी मुलीकडचे आले. होणारी विहीण, उलजान, अंगानं भरलेली, सोन्याच्या दातांची बाई. अकमूर शाळेतून आली, दारात बूट काढत होती. उलजाननं तिला जवळ ओढलं आणि कोट चिमटीत धरून पाहिला.

"अगं बाई! काय सुरेख! असा आमच्या नातीला मिळाला तर?"

आमच्याकडे व्याह्यांनी वस्तूचं असं कौतुक केलं की ती वस्तू त्यांची. बोलायचं कारण नसतं. झुराकान अपा म्हणाल्या, "उतरव, बाळा."

अकमूरनं आईकडे पाहिलं. एजे चहा ओतत होती. ती ओतत राहिली. अकमूरनं एकेक बटण काढलं. उलजाननं कोटाची घडी केली आणि पिशवीत घातली. मग सगळ्यांनी तळलेल्या पिठाचे बोर्सोक खाल्ले.

एजे मला नंतर म्हणाली, "मी गप्प बसले. उलजानचा राग नाही मला. तिची तर सवयच आहे. मी चहा ओतत होते गं. पेल्याबाहेर थेंबसुद्धा सांडला नाही." ती सुई नसलेल्या मशीनचं चाक हातानं मागेपुढे फिरवत होती. अकमूरसाठी तिनं दोन जुन्या स्वेटरांचं काहीतरी शिवलं. ऊब होती त्यात. पण अकमूर त्या कोटाबद्दल विचारायची. नातीला बसला का? ती शाळेत घालते का? मला विचारायची, कारण आईला विचारलं की आईचा चेहरा बदलायचा. मी म्हणायचे, घालत असेल. मला खरंच तसं वाटत होतं.

दोन वर्षं गेली. लग्न झालं, धाकट्या जावेला मुलगा झाला, आणि गेल्या नोव्हेंबरात बाळाच्या पाळण्याची मेजवानी होती. माणसांनी घर भरलं होतं. दस्तरखानच्या, जेवणासाठी पसरलेल्या चादरीच्या, टोकाला उलजानचे थोरले दीर, तोक्तोसून आबा, बसले होते. सगळ्यांत वयस्कर, म्हणून शेवटचा आशीर्वाद त्यांचा. मी दाराजवळ, चहाच्या बाजूला. एजेचं हातमशीन त्याच खोलीत कोपऱ्यात होतं, त्याच्यावर पाहुण्यांच्या टोप्या ठेवल्या होत्या.

मांस झालं. आहेर सुरू झाला. उलजाननं अपांच्या खांद्यावर चापान घातलं, एजेच्या खांद्यावर घातलं, निळ्या मखमलीचं. मग पिशवीतून सेलोफेनमधलं एक पुडकं काढलं.

"आणि हे आमच्या अकमूरला! बिश्केकहून मुद्दाम आणलंय हं. एका मोठ्या दुकानातून. दुकानदार म्हणाला, असा एकच पीस आहे."

हिरवी मखमल. पाठीवर सोनेरी शिंगं.

चिठ्ठी कुठेतरी गळून पडली होती, एवढंच. उलजानला खरोखरच आठवत नव्हतं. मी तिचा चेहरा पाहिला, त्यात लबाडी नव्हती, आणि मला त्याचाच जास्त संताप आला. झुराकान अपांनी ओळखलं. त्या खाली पाहून पाव मोडायला लागल्या.

अकमूर बारा वर्षांची, हात लांब झालेले. तिनं कोट घातला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपल्या. तिनं सवयीनं खिशात हात घातला आणि काहीतरी बाहेर काढलं. कुरुतचा गोळा होता, सुकलेल्या दह्याचा, दगडासारखा झालेला, अर्धा खाल्लेला. त्यावर लहान दातांच्या खुणा होत्या.

"हा माझाच आहे," अकमूर म्हणाली. "मी खात होते त्या दिवशी."

कोणीच घातला नव्हता. दोन हिवाळे.

उलजाननं डोळे बारीक केले, मग हसली. "बरं बाई, असेल! लहान होतोय पण तिला. राहू दे, ठेवा संदुकीत. दुसऱ्या कोणाला तरी होईल."

"कोणाला?" एजेनं विचारलं.

"असेल कोणीतरी. आहेर काय वाया जातो?"

एजे उठली. मशीनवरच्या टोप्या एकेक उचलून तिनं मालकांच्या मांडीवर ठेवल्या. "अकमूर, काढ कोट. ये इथं." मग तिनं स्वतःच्या खांद्यावरचं निळं चापान उतरवलं, जमिनीवर पसरलं आणि कात्री मागितली. माझ्याकडे. कात्री खिडकीत होती. मी दिली. पुढे काय होणार हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ती कापू लागली. मखमल कापताना आवाज येतो, जाड, ओला.

"सूनबाई!" अपा ओरडल्या. "व्याह्यांनी खांद्यावर घातलेलं! त्यांच्यादेखत!"

"त्यांच्यामागे कापलं तर चालतं का, अपा?"

"हिला आवरा कोणीतरी," उलजान म्हणाली. "एवढा अपमान आमचा कधी कोणी केला नव्हता."

"तुमचं काय फाटलं, उलजान एजे? माझ्या पोरीच्या अंगावरून काढून नेलात, नातीलाही घातला नाहीत, आणि पोरीलाच आहेर म्हणून घेऊन आलात. बिश्केकहून. मुद्दाम."

एक बाई फस्सकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर शाल घेतली.

पाहुण्यांना निघून जायचं होतं. सगळ्यांनाच. पण आशीर्वाद झाल्याशिवाय दस्तरखानवरून कोणी उठत नाही. म्हणून ते बसले. चाळीस माणसं बसली आणि तिला बाह्यांची शिवण उसवताना पाहत राहिली. चार बोटं माया बाहेर आली, तरी मनगट उघडंच राहिलं असतं. मग तिनं निळी मखमल जोडली आणि चाक फिरवायला लागली. जुनं यंत्र आहे ते, तिच्या आईचं. खडखडतं.

एक बाही झाली. तोक्तोसून आबांना राहवलं नाही. हा प्रकार संपवावा म्हणून त्यांनी दोन्ही तळहात आशीर्वादासाठी वर केले. लगेच सगळ्यांनी केले. चाळीस ओंजळी. मीही केली.

"थांबा, आबा," एजे मान वर न करता म्हणाली. "एक बाही राहिलीय."

आता उचललेले हात खाली घेता येत नाहीत, ते अशुभ. आबांनी हात तसेच धरले. सगळ्यांनीच धरले. मशीन खडखडत होतं. उलजानच्या हातांतल्या बांगड्या कोपराकडे घसरल्या होत्या. झुराकान अपांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि हात गुंतलेले, त्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. त्या कशासाठी रडत होत्या, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एजेला घराबाहेर काढलं. मशीन आणि मुलगी घेऊन ती बसस्थानकामागच्या खोलीत राहायला गेली. मॉस्कोहून नवऱ्याचा फोन आला, काय केलंस म्हणून. "कोट," ती म्हणाली.

पण ते नंतर. त्या वेळी माझे हात दुखत होते. एजेनं दुसरी बाही सुईखालून ओढून घेतली, दोरा दातानं तोडला आणि अकमूरला बोलावलं. कोट घातला. बाह्या मनगटापर्यंत आल्या, हिरव्या आणि मग निळ्या. एजेनं खालून वर एकेक बटण लावलं, सावकाश, सगळी सहा.

"हं," ती आबांना म्हणाली. "द्या आता."