तीन बार म्हणण्याआधी

मी पिशोरचा. घरची शेती थोरल्या भावानं सांभाळली आणि मी कामाच्या शोधात औरंगाबादला आलो. तेव्हा आम्ही सगळे औरंगाबादच म्हणायचो. मोंढ्यात एका आडत दुकानावर चिकटलो. सकाळी तिथं धान्याची हर्राशी व्हायची, म्हणजे ढिगाभोवती व्यापारी जमायचे आणि दुकानाचा माणूस मोठ्यानं भाव पुकारायचा. एकदा त्या माणसाचा घसा बसला आणि मालकानं मला पुढं ढकललं. माझा आवाज पार रस्त्याच्या पलीकडं गेला म्हणे. दुसऱ्या दिवसापासून ते काम माझंच झालं.

त्या रस्त्यानं एक वयस्कर गृहस्थ रोज सायकलवरून जायचे. शहरात घरांचे, दुकानांचे लिलाव तेच करायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. एक दिवस सायकल टेकवून ते उभे राहिले, माझी हर्राशी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "आवाज अच्छा है मियाँ. मगर इत्ता भागता कायकू? घर बेचना सीखते क्या?"

मी व्हय म्हणालो.

चाचांच्या हाताखाली माझी पहिली काही वर्षं नुसती ऐकण्यात गेली. लिलावाच्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी पोचायचे. चपला बाहेर काढून अख्खं घर फिरायचे, भिंतींना हात लावायचे, खिडक्या उघडून बघायचे. मग दारात उभं राहून हळू आवाजात बोली सुरू करायचे. त्यांचा आवाज ऐकायला लोकांना पुढं सरकावं लागायचं. "एक बार" म्हटल्यावर ते थांबायचे. "दोन बार" म्हटल्यावर त्याहून जास्त थांबायचे. मोंढ्यातून आलेल्या मला ते थांबणं असह्य व्हायचं. ते म्हणायचे, "गेहूँ का ढेर नहीं है ये. आदमी को सोचने दे."

मी स्वतः पुकारलेलं पहिलं घर सिडकोतलं. बैठं, पुढं ओटा, कोपऱ्यात सीताफळाचं झाड. आईवडील गेले आणि मागं भाऊ-बहीण उरले. भाऊ त्याच घरात राहत होता. बहीण पैठणला शाळेत शिक्षिका होती, तिची बदली शहरात झाली होती. दोघांचं बोलणं कधीचं बंद. भांडण कशावरून सुरू झालं ते त्यांच्या वकिलांनाही नीट सांगता येत नव्हतं. शेवटी कोर्टानं सांगितलं, घर विका आणि वाटा करून घ्या. हवं तर दोघांपैकी कुणीही बोली लावावी.

चाचांचा आवाज त्या दिवसांत फार चालत नव्हता. ते खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "आज तू."

ओट्याच्या एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला बहीण. अंगणात बाहेरचे पाच-सहा खरेदीदार आणि कोर्टानं नेमलेले वकीलसाहेब. थोड्या वेळात बाहेरची माणसं गप्प झाली, कारण भाव घराच्या किमतीच्या पुढं निघून गेला होता. भाऊ बोलला की बहीण बोलायची, बहीण बोलली की भाऊ. एकमेकांकडं बघत मात्र नव्हते, दोघंही माझ्याकडं बघत होते. बहिणीचा आकडा आला आणि भाऊ जरा अडला. मी एक बार म्हणालो. मग दोन बार. चाचांनी मांडीवरचा हात किंचित उचलला. मी थांबलो.

त्या शांततेत गच्चीवरून पाणी पडायला लागलं. त्या दिवशी नळाला पाणी आलेलं होतं आणि मोटार चालूच राहिली होती. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं टाकी वाहताना बघणं कुणाला जमत नाही. खरेदीदार, वकीलसाहेब, सगळे एकदम म्हणाले, "टाकी भरली, टाकी भरली." भाऊ सवयीनं उठला आणि आत धावला. त्याच्या मागोमाग बहीणही आत गेली.

दार उघडंच होतं. बाहेर स्पष्ट ऐकू आलं.

"दादा, बटण कुठंय मोटारीचं?"

"नुसत्या बटणानं भागत नाय. हा कॉक बी फिरवावा लागतो. उलटा फिरतो बघ."

"दाखव की."

"हात ओला हाय तुझा. पूस आधी."

पाणी थांबलं. ते बाहेर आले तेव्हा बहिणीचा पदर भिजलेला होता. भाऊ आपल्या जागेवर बसला. मी विचारलं, "पुढं काही बोली?"

त्यानं मान हलवली. "राहू द्या. तिला द्या. तिला शाळा जवळ पडंल."

मी तीन बार म्हणालो.

मग भावानं तिला घर दाखवायला घेतलं. जिथं ती वाढली तेच घर, तरी तो प्रत्येक खोलीत थांबून सांगत होता. ही कडी वर उचलून लावायची. या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. देवघरातला दिवा या कोनाड्यात ठेवू नको, वारं लागतं. वकीलसाहेबांच्या हातात सहीचे कागद होते, ते चुळबुळ करायला लागले. चाचा म्हणाले, "बैठो साब. बात कर रये ना दोनों." आम्ही सीताफळाखाली बसून राहिलो. शेवटी बहिणीनंच सगळ्यांना चहा केला, आणि साखरेचा डबा कुठं असतो ते तिला विचारावं लागलं नाही.

भाऊ पुढं मागच्याच गल्लीत भाड्यानं राहिला. एकदा बाजारात भेटला तेव्हा भाचीचा शाळेचा डबा हातात होता.

चाचा गेले त्यालाही आता बराच काळ झाला. त्यांच्यानंतर मी दुकानं पुकारली, प्लॉट पुकारले, चितेगावला बंद पडलेल्या कारखान्याचं शेड पुकारलं. मग लिलाव हळूहळू कॉम्प्युटरवर गेले. बोली लावणारा पुण्यात नाहीतर हैदराबादेत असतो, घर त्यानं फोटोत बघितलेलं असतं. घड्याळ शून्यावर आलं की लिलाव संपतो. तक्रार नाही. गैरप्रकार कमी झाले, ते बरंच झालं.

संध्याकाळी बायकोबरोबर फिरायला जातो तेव्हा मात्र मी कधीकाळी पुकारलेल्या जागांपुढं माझे पाय अडतात. या दुकानासाठी दोन मित्र हट्टाला पेटले होते. त्या बंगल्याच्या वेळी ऊन एवढं होतं की सगळे जिन्याखाली उभे होते. बायकोनं हे सगळं कितीदा तरी ऐकलंय. ती पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि म्हणते, "सांगा, पण चालत चालत सांगा."