मी ‘खाली’ म्हणालो होतो

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. बारशाच्या फोटोंचं हे एक मात्र वेगळं राहिलं आहे. त्यातलं पूर्ण खरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा मी सिरोंचाकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा साताऱ्याकडचा, नुकताच बदलून आलेला. नदीकाठी जाळ्यांवरून भांडण होऊन संध्याकाळी एकाचा खून झाला. संशयावरून एका मासेमाराला अटक केली. तो एकच सांगे, “मी तवा भाच्याच्या बारशात होतो, साहेब.” साक्षीदार सगळे नात्यातले, अशा जबाबांना कोर्टात फारसं वजन नसतं. त्याला जन्मठेप होणार हे दिसत होतं.

मग खबऱ्याकडून कळलं की बारशाचे फोटो काढलेत. गावात डिजिटल कॅमेरा एकाच स्टुडिओवाल्याकडे होता. पुराने रस्ता बंद, त्यामुळे फोटो छापायला चंद्रपूरला गेले नव्हते. ते त्याच्या माडीवरच्या कॉम्प्युटरमध्येच होते. मी फोन केला. कारण सांगितलं नाही. तपासात सांगायचं नसतं.

“तुझा कॉम्प्युटर हवाय. खाली करून ठेव, जीप घेऊन येतो.”

गेलो तर कॉम्प्युटर माडीवरच, आणि आत एकही फोटो नाही. सगळं पुसलेलं. पंचनामा करून यंत्र सील केलं, स्टुडिओवाल्याला ठाण्यात आणलं. तो आरोपीचा लहानपणापासूनचा दोस्त. मृताच्या माणसांनी याला फितवलं, असं मी धरून चाललो.

“कुणाच्या सांगण्यावरून पुसलंस?”

“तुमीच तं सांगतलं ना, साहेब!”

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो म्हणाला, “मी त्याले काऊन फसवीन? दोस्त आहे माया.” मी त्याला रात्रभर लॉकअपमध्ये ठेवला.

सकाळी आमचे हवालदार, तिकडचेच, बादली घेऊन आले. “साहेब, लॉकअप खाली केलं. आता धुवून घेतो.”

“खाली केलं म्हणजे?”

“म्हणजे रिकामं. स्टुडिओवाल्याले बाहेर बसवलं.” मग हसून म्हणाले, “आमच्याकडं खाली म्हणजे रिकामंच, साहेब. तुमच्याकडं नसन म्हणत.”

मी बाहेर जाऊन त्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, “मांगं सरकारी कामाले कॉम्प्युटर नेला, तवा बी खाली करूनच देल्ला होता. मले वाटलं, तसंच आसन. फोटोचं काम पडन, हे डोस्क्यातच आलं नाही.”

मला कॉम्प्युटर माडीवरून खाली हवा होता. त्याने तो रिकामा करून ठेवला होता. पुरावा माझ्याच शब्दाने नष्ट झाला होता.

हार्ड डिस्क सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवली. तिथल्या माणसाने सांगितलं, पुसलेली फाइल लगेच जात नाही. फक्त तिचा पत्ता जातो. त्या जागी दुसरं काही लिहिलं नसेल तर ती सापडते. सील लगेच केल्याने फोटो परत मिळाले. पाळण्याशेजारी मांडी घालून बसलेला तो मासेमार, आणि फोटोची वेळ नेमकी खुनाची. पुढे खरा गुन्हेगार मिळाला आणि मासेमार सुटला.

केस डायरीत मी लिहिलं, ‘स्टुडिओचालकाने फोटो नष्ट केले.’ माझ्या फोनचा उल्लेख केला नाही. तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं.

सुटल्यावर मासेमार जप्त केलेलं जाळं न्यायला ठाण्यात आला. स्टुडिओवाला फाटकाशी मोटरसायकल घेऊन उभा होता. “चाल बे, घरी सोडतो.”

“तुया गाडीवर? मले जल्मभर आत टाकाले निंगला होता तू.”

स्टुडिओवाल्याने माझ्याकडे पाहिलं. “साहेब, तुमी तरी सांगा ना याले.”

मी व्हरांड्यातच होतो. एका वाक्याचं काम होतं. पण भोवती शिपाई होते, आणि ते वाक्य बोललो असतो तर डायरी खोटी ठरली असती. मी म्हणालो, “इथे गर्दी करू नका.”

मासेमार जाळं खांद्यावर टाकून पायी निघाला. स्टुडिओवाला गाडी सुरू न करता, ढकलत त्याच्या मागे गेला. दोघांत अंतर होतं, ते वळणापर्यंत कमी झालं नाही.

जबाब देणारा खोटं बोलतोय, असं वाटलं की आधी आपण काय बोललो होतो ते तपासावं, हे मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवत राहिलो. उदाहरण विचारलं की मात्र दुसऱ्याच ठाण्याचं सांगायचो.